आठ प्लगची गाडी, चार नगांचं बिल

काकांनी गाडीतून उतरल्या उतरल्या बिलांची प्लास्टिकची पिशवी माझ्या हातात दिली. जुलै २०२४ मधली दुपार, भांडुप स्टेशनबाहेर घोट्यापर्यंत पाणी, आणि गॅरेजात आधीच दोन गाड्या उघड्या पडलेल्या. "यात सगळं आहे. वाच आणि सांग, आता आणखी काय करायचं राहिलंय," म्हणाले. पाच बिलं होती. गॅसचं, म्हणजे सीएनजीचं, ट्युनिंग दोनदा. एअर फिल्टर आणि गॅस इंजेक्टरची सफाई. एक कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी व्होल्ट पुरवणारा भाग. आणि पाचवं, स्पार्क प्लग, इरिडियम. त्या ओळीत पुढे लिहिलेलं: ४ नग.

मी ती ओळ दोनदा वाचली. गाडी होती होंडा सिटी, २००७ ची, आय-डीएसआय इंजिनवाली. हे इंजिन चार सिलिंडरचं आहे, पण प्लग आठ आहेत. प्रत्येक सिलिंडरला दोन, एक पुढे रेडिएटरच्या बाजूला आणि एक मागे काचेच्या बाजूला. कॉइलही आठ. ठिणग्या कधी एकामागून एक पडतात, कधी एकदम. इंजिनाचा वेग आणि भार बघून कॉम्प्युटर ते ठरवतो. दोन टोकांनी आग लागल्यामुळे मिश्रण लवकर आणि पूर्ण जळतं. या सिटीच्या अ‍ॅव्हरेजचं लोक अजून नाव काढतात, त्यातला बराच वाटा या दोन प्लगांचा आहे.

"काका, मागचे चार कधी बदलले?"

"मागचे म्हणजे?"

तिथेच अर्धं प्रकरण कळलं होतं. तरी मी लगेच बोललो नाही. बिल वाचून रोग सांगायचा आणि मग गाडी उघडल्यावर वेगळंच निघायचं, असं माझ्या बाबतीत पूर्वी झालेलं आहे.

तक्रार काकांनी नीट सांगितली. आयुष्य बँकेत गेलेला माणूस, तपशील सोडत नाही. सकाळी गाडी पेट्रोलवर चालू होते, दोन-तीन मिनिटांनी आपोआप गॅसवर जाते. सपाट रस्त्याला काही त्रास नाही. मुलुंडहून अंधेरीला मुलीकडे जाताना जेव्हीएलआरला, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला, गांधीनगरहून आयआयटीकडे चढ लागला, की तिसऱ्या गिअरमध्ये हिसके सुरू. पाऊस असला तर जास्त. पेट्रोलचं बटण दाबलं, की गाडी मुकाट्याने चढते.

या शेवटच्या वाक्यानेच आधीच्या सगळ्यांना चकवलं होतं. पेट्रोलवर चालते आणि गॅसवर हिसके देते, म्हणजे दोष गॅसचा, असं कुणालाही वाटेल. म्हणून दोनदा ट्युनिंग, म्हणून इंजेक्टरची सफाई. पण माझा अनुभव असा, की अशा गाडीत गॅस बहुतेक वेळा चोर नसतो, चहाडखोर असतो. ठिणगी कुठेतरी अशक्त झालेली असते. पेट्रोल ते झाकून नेतं, गॅस सांगून टाकतो.

कारण सरळ आहे. प्लगच्या दोन टोकांमधली फट ओलांडायला ठिणगीला व्होल्ट लागतात. फट मोठी तर जास्त, सिलिंडरमधला दाब मोठा तर आणखी जास्त. सीएनजी आणि हवेचं मिश्रण पेट्रोलच्या मिश्रणापेक्षा जास्त व्होल्ट मागतं. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की सिलिंडर हवेने भरतो आणि दाब वाढतो. म्हणजे गॅस, चढ आणि झिजलेला प्लग असे तिघे एकत्र आले, की कॉइल हात टेकते. सपाटीला मागणी कमी, तिथे भागून जातं.

स्कॅनरवर काही नोंद नव्हती. मग जुनी पद्धत. या इंजिनात ती फार छान चालते, कारण प्रत्येक सिलिंडरला एक राखीव प्लग आहे. गाडी गरम करून गॅसवर आयडलिंगला ठेवली आणि पुढच्या कॉइलचे कनेक्टर एकेक करून काढले, प्रत्येकी चार-पाच सेकंद, त्याहून जास्त नाही. न जळलेला गॅस धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये गेला, की तो तापतो आणि त्याचं बिल प्लगच्या बिलाला लाजवतं.

एक नंबरचा कनेक्टर काढला. इंजिन जरा दबकलं आणि सावरलं. म्हणजे मागचा प्लग सांभाळतोय. चार नंबर तसाच. दोन नंबर थोडा जास्त दबकला. तीन नंबरचा काढला मात्र, गाडी लंगडायलाच लागली. एअर फिल्टरच्या डब्यावर ठेवलेला माझा पाना थरथरत सरकून खाली पडला. पुढची ठिणगी बंद केल्यावर तीन नंबर पूर्ण मेला, म्हणजे मागची ठिणगी आधीच मेलेली होती. तो सिलिंडर कित्येक महिने एकाच प्लगवर चालत होता, आणि चढावर तो एकटाही पुरत नव्हता.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरांतला दाब, बघून घेतलं. चारही सारखे, चांगले. गॅसवर बरीच वर्षं चाललेल्या गाडीत व्हॉल्व्हच्या बैठका झिजून टॅपेट घट्ट होतात, म्हणून तेही तपासले. ठीक होते.

मागचे चार बघायचे तर वायपर काढावे लागतात, मग काचेखालची काळी प्लास्टिकची जाळी, मग त्याखालचं बरंच काही. यातच अर्धा-पाऊण तास जातो. चार प्लगची मजुरी घेतलेला माणूस मागे का गेला नाही, हे तिथे हात घातल्याशिवाय कळत नाही. मी त्याला फार दोष देत नाही. चार सिलिंडर म्हणजे चार प्लग, हा हिशोब शंभरातल्या पंचाण्णव गाड्यांना लागू पडतो.

जाळी निघाली आणि दुसरी गोष्ट समोर आली. काचेच्या तळाशी जाळीला धरून ठेवणारं रबर एका जागी फाटून वर आलं होतं. गेल्या वर्षी काच बदलली होती, काकांनी सांगितलं. पाण्याची धार तिथून बरोबर तीन नंबरच्या मागच्या कॉइलवर उतरत होती. कॉइलच्या बोल्टवर गंज, तिच्याभोवती वाळलेल्या चिखलाचं कडं.

तीन नंबरची मागची कॉइल ओढून काढली आणि तिचं रबरी टोपण उलटं करून उजेडात धरलं. आत एक जळकी रेघ, केसाएवढी. ती मी काकांना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, टोपण डोळ्यांजवळ नेलं आणि बराच वेळ बघत राहिले. "इथून करंट जातो?" इथूनच. प्लगच्या टोकाकडे जाण्यापेक्षा प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीच्या बाहेरून धातूकडे उडी मारणं त्याला सोपं पडतं. पावसात आणखी सोपं.

त्या दिवशी प्लग काढले नाहीत. हेड अ‍ॅल्युमिनियमचं (हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण), प्लग वर्षानुवर्षं हललेले नाहीत, आणि इंजिन गरम. अशा वेळी घाई केली, तर प्लगबरोबर हेडचे आटेही बाहेर येतात. प्लग ज्या खोल भोकांत बसतात, ती आधी हवा मारून साफ केली. तीन नंबरमधून तपकिरी चिखल उडाला. आधी प्लग काढून मग हवा मारली असती, तर तोच चिखल सिलिंडरमध्ये गेला असता. मग गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवलं. काका रिक्षाने मुलुंडला गेले.

सकाळी थंड इंजिनावर एक, दोन, चार सहज सुटले. तीन नंबरने चाळीस मिनिटं घेतली. पाव फेरा उघडायचा, करकरला की थोडा परत आवळायचा, तेलाचे दोन थेंब, पुन्हा पाव फेरा. प्लग पान्याचा आवाज किंचाळण्यावरून कुरकुरण्यावर आला, तेव्हा जीव भांड्यात पडला. आटे शाबूत.

मग आठही प्लग पांढऱ्या कापडावर दोन ओळींत मांडले, बसत होते त्याच क्रमाने. माझ्या मते हे काम प्लग बदलण्याइतकंच महत्त्वाचं आहे. प्लग भंगारात टाकला, की सिलिंडरच्या आत काय चाललं होतं त्याचा पुरावाही भंगारात गेला.

मागची ओळ: साधे निकेल प्लग, नंबर बीकेआर६ई-११. मधलं टोक झिजून गोल झालेलं, वरची पट्टी आतून खाल्लेली. नवीन प्लगला फट १.१ मिमी असते. इथे फिलर गेजच्या, म्हणजे फट मोजायच्या, पट्ट्या एकावर एक ठेवत गेलो, तर १.५ मिमी आरामात आत गेली. मीटरवर ९६ हजार किलोमीटर होते आणि मागचे प्लग कधी बदलल्याची काकांच्या व्यवस्थित फायलीत एकही नोंद नव्हती. निकेलच्या प्लगकडून तीस-चाळीस हजारांची अपेक्षा ठेवावी, गॅसवर त्याहूनही कमी. तीन नंबरच्या चिनीमातीवर वरून खाली पेन्सिलीने ओढावी तशी काळी रेघ. टोपणातल्या रेघेला ती बरोबर जुळली.

आमच्याकडचा पोरगा मात्र दुसरंच बघत होता. "दादा, हे बघा, सगळ्यांनाच डाग. प्लगमधून गॅस लीक होतोय." चिनीमाती धातूत शिरते तिथे एक तपकिरी वळं असतं, ते तो दाखवत होता. ते बघून चांगले प्लग फेकणारे मी पाहिलेत. उच्च व्होल्टेजमुळे हवेतले तेलाचे कण तिथे ओढले जातात आणि चिकटतात, इतकंच. त्याने काही बिघडत नाही. वळं निरुपद्रवी आणि रेघ घातक, हा फरक त्याला दोन्ही प्लग हातात देऊन दाखवला.

पुढची ओळ वाचताना मात्र मला राग आला. चार महिन्यांपूर्वीचे इरिडियम प्लग, बीकेआर५ईआयएक्स-११. नावाजलेल्या कंपनीचे, अस्सल, महागडे. पण नंबर ५. या गाडीला ६ लागतो.

नंबरचं हे प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण काउंटरवर सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. एनजीके कंपनीच्या या नावात बी म्हणजे १४ मिमीचे आटे, के म्हणजे १६ मिमीचा पाना, आर म्हणजे आत रेझिस्टर, मग उष्णतेचा आकडा, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी, आणि शेवटचे ११ म्हणजे फट १.१ मिमी. लांबी चुकली तर प्लग पिस्टनला नाहीतर व्हॉल्व्हला भेटू शकतो. आर नसलेला प्लग घातला तर त्याचा विद्युत गोंगाट कॉम्प्युटरला आणि गॅस किटला त्रास देतो. या चुका मात्र कमी होतात. बहुतेक चूक होते ती मधल्या आकड्यात.

तो आकडा प्लग किती गरम राहतो ते सांगतो. ठिणगी सगळ्यांची सारखीच. प्लगचं टोक साधारण ५०० अंशांच्या वर असेल, तर त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. ८५० च्या पुढे गेलं, तर ठिणगी पडायच्या आधीच तापलेलं टोक मिश्रण पेटवू शकतं आणि पिस्टनवर बेतू शकतं. एका आकड्याच्या फरकाने टोकाचं तापमान ७० ते १०० अंशांनी हलतं. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड. एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २०, ५ म्हणजे १६. बॉशमध्ये उलटं, आकडा वाढला की प्लग गरम. तिथला ७ म्हणजे साधारण एनजीकेचा ६. एका कंपनीचा आकडा मनात धरून दुसऱ्या कंपनीचा डबा उचलला, की फसगत ठरलेली.

काकांना दुकानदाराने सांगितलं होतं, "एक नंबर गरम घ्या, सकाळी लवकर उचलेल." पेट्रोलच्या, कमी फिरणाऱ्या, काजळी धरणाऱ्या जुन्या इंजिनात या सल्ल्याला थोडा तरी अर्थ होता. गॅसच्या गाडीत तो उलटा आहे. पेट्रोल द्रवातून वायू होताना आतली उष्णता खातं. गॅस आधीच वायू, तो काही खात नाही. गॅसवर काजळीही जवळजवळ नसते. गॅसच्या गाडीत कंपनीने सांगितलेलाच नंबर, आणि बदलायचाच तर थंडाकडे. काकांच्या पुढच्या चारही प्लगांची चिनीमाती खडूसारखी पांढरीफटक पडली होती. दोन नंबरच्या टोकाशी डोळ्यावर भिंग लावल्यावर चकचकीत बारीक मणी दिसले, वितळायला सुरुवात झाल्याची खूण.

आता निवड. काकांचा आग्रह इरिडियमचा. "चार घेतलेत, आणखी चार घेऊ, नंबर बरोबर घेऊ. चांगली वस्तू आहे ना?" वस्तू चांगलीच आहे. बारीक टोकामुळे ठिणगीला व्होल्ट कमी लागतात, टिकतो जास्त. मागच्या चारपर्यंत पोहोचायचा त्रास बघता तिथे जास्त टिकणारा प्लग असावा, हाही मुद्दा बरोबर. मी स्वतः थोडा वेळ त्या बाजूला झुकलो होतो.

पण हिशोब केला. नंबर चुकलेले पुढचे चार वापरता येत नाहीत, म्हणजे आठही नवे. एका इरिडियमच्या पैशांत निकेलचे चार-पाच येतात. गाडी २००७ ची, २०२२ मध्ये पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी झालेली. काकांनी स्वतःच सांगितलं होतं की २०२७ नंतर ते ही गाडी ठेवणार नाहीत. वर्षाला फिरते आठेक हजार किलोमीटर. म्हणजे फार तर २४ हजार उरले. तेवढं निकेल गॅसवरही काढतो. ज्या गाडीचं आयुष्य तीन वर्षं उरलंय, तिच्यात लाखभर किलोमीटरचा प्लग कशाला?

पुढे निकेल आणि मागे इरिडियम असं मिश्रण करू का, असंही काकांनी विचारलं. मी नको म्हणालो. एकाच सिलिंडरमध्ये दोन प्लग शेजारी जळत असताना त्यांच्या स्वभावात फरक नसलेला बरा. आठही बीकेआर६ई-११.

प्लग आणायला मी स्वतः गेलो, कुर्ल्याला सीएसटी रोडवर, नेहमीच्या दुकानात. नकली प्लगांचा सुळसुळाट आहे, म्हणून डबा तिथेच उघडून बघतो: वरची पट्टी मधल्या टोकावर सरळ आहे का, आट्यांवरचा मुलामा सारखा आहे का, छपाई पुसट तर नाही. रेझिस्टरवाल्या प्लगला मीटर लावला की साधारण पाच किलोओहमच्या आसपास दाखवतो. आठही तसेच निघाले. तीन नंबरची मागची कॉइल टोपणासकट नवी घेतली. जुनं टोपण ठेवलं असतं, तर त्यातली रेघ नव्या प्लगवर आठवड्याभरात उमटली असती. सात महिन्यांपूर्वी कॉइल बदलली होती, पण पुढची. कारण हात पुढेच पोहोचत होता.

फट १.१ वरून ०.८ मिमी केली. पेट्रोलला १.१ च बरी, पण ही गाडी नव्वद टक्के गॅसवर पळते. वरची पट्टी हलक्या हाताने टिचकी मारून खाली आणायची, मधल्या टोकावर जोर द्यायचा नाही. इरिडियम असता, तर मी फटीला हातच लावला नसता; ते बारीक टोक सहज तुटतं. एक प्लग पोराच्या हातून फरशीवर पडला. तो बाजूला ठेवला, बाहेरून धड दिसत होता तरी. आतून चिनीमाती तडकली असेल तर कळत नाही. सुदैवाने एक जादा आणला होता.

बसवताना मागच्या चारसाठी पेट्रोलच्या जुन्या रबरी नळीचा वीतभर तुकडा वापरतो. प्लगचं डोकं नळीत खुपसायचं, प्लग भोकात सोडायचा आणि नळी बोटांनी फिरवायची. आटे नीट धरले तर प्लग गुळगुळीत आत जातो. तिरके धरले तर नळी प्लगच्या डोक्यावर घसरते आणि हेड वाचतं. पाना लावला असता, तर पाना ऐकत नाही. हाताने पूर्ण बसल्यावर पान्याने अर्धा फेरा, नव्या वॉशरचा प्लग तेवढ्यावर बसतो. आट्यांना ग्रीस नाही. मुलामा असतोच, आणि ग्रीसमुळे नकळत जास्त आवळलं जातं. जाळीचं रबर नवं लावलं, वर मगभर पाणी ओतून बघितलं.

काकांना शेजारी बसवून जेव्हीएलआरला नेली. गांधीनगरचा सिग्नल सुटला, गॅसवर, तिसरा गिअर, पुढे एक डंपर. आयआयटीच्या गेटपर्यंत काका डॅशबोर्डवर हात टेकून बसले होते, हिसक्याची वाट बघत. गेट मागे पडल्यावर त्यांनी हात काढला आणि म्हणाले, "पेट्रोलवर तर नाहीये ना?" मी बटणाचा हिरवा दिवा दाखवला.

ऑक्टोबरमध्ये पाऊस संपल्यावर मी त्यांना मुद्दाम बोलावलं. तीन नंबरचा मागचा प्लग पुन्हा बाहेर काढला. चिनीमाती फिकट बदामी, फट ०.८ च, टोपण आतून स्वच्छ. भोकात टॉर्च मारला, कोरडं होतं. अ‍ॅव्हरेज मात्र फारसं वाढलं नव्हतं, किलोमागे जेमतेम एखादा किलोमीटर. मी त्यांना दोन-तीन वाढतील असं सांगून बसलो होतो, आणि काकांनी डायरीत प्रत्येक भरलेला गॅस लिहून ठेवला होता.